वजन नोंदले जाते, शब्दांचे काय?

इयत्ता पहिलीच्या मुलाला किती भाषा शिकवाव्यात, या प्रश्नावरून २०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्र ढवळून निघाला. १६ एप्रिलचा शासन निर्णय, १७ जूनची त्याची सुधारित आवृत्ती आणि २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा, असा हा अडीच महिन्यांचा घटनाक्रम होता. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळून तेव्हा वर्षही झाले नव्हते. साहजिकच सभा, मोर्चे, अग्रलेख आणि दूरचित्रवाणीवरील चर्चा यांतून भाषा हा विषय घराघरांत पोहोचला. या सर्व वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मात्र गृहीत धरली होती. ती म्हणजे, पहिलीत येणारे मूल निदान एक भाषा बरोबर घेऊन येते.

बहुतेक मुलांच्या बाबतीत हे गृहीतक खरे ठरते. आई, वडील, आजी, शेजारी यांच्या बोलण्यातून मूल भाषा उचलते आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ते घराला बोलून बोलून हैराण करू लागते. परंतु काही मुलांच्या बाबतीत तसे घडत नाही. दीड वर्ष उलटते, दोन वर्षे पूर्ण होतात, पण शब्द फुटत नाहीत. मूल हात धरून ओढते, बोट दाखवते, रडते, पण बोलत नाही. घरात हळूहळू काळजी शिरते, आणि तिच्यामागोमाग ती काळजी झटकून टाकणारी वाक्येही येतात. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते’, ‘एकदा बोलायला लागला की थांबणार नाही’. डॉक्टरांकडूनही अनेकदा ‘थोडी वाट पाहू’ असाच सल्ला मिळतो. ही वाट किती पाहायची, आणि वाट पाहताना काय करायचे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. शाळेतल्या तिसऱ्या भाषेवर इतका खल करणाऱ्या राज्याने या पहिल्या भाषेच्या प्रश्नाकडेही पाहण्याची गरज आहे.

किती शब्द, केव्हा?

उशिरा बोलणे म्हणजे नेमके काय, याची ढोबळ मोजपट्टी आज उपलब्ध आहे. मूल साधारण वर्षाचे होताना पहिला अर्थपूर्ण शब्द उच्चारते. वयाच्या दुसऱ्या वर्षी सुमारे ५० शब्दही न बोलणारे किंवा दोन शब्द एकत्र न जोडणारे मूल ‘उशिरा बोलणारे’ समजावे, हा निकष अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेस्ली रेस्कोर्ला यांच्या संशोधनातून पुढे आला. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०२२ मध्ये आपली यादी बदलली. पंचाहत्तर टक्के वा त्याहून अधिक मुलांनी गाठलेले टप्पेच त्या यादीत घ्यायचे, असे ठरल्याने सुमारे ५० शब्दांचा टप्पा ३० महिन्यांवर गेला. दोन वर्षांच्या मुलाने दोन शब्द जोडावेत, ही अपेक्षा मात्र कायम राहिली. या बदलावर वाचाउपचारतज्ज्ञांनी टीकाही केली; मदतीची गरज असलेली मुले त्यामुळे आणखी उशिरा लक्षात येतील, अशी त्यांना भीती वाटते.

हे शब्द मोजायचे कसे, हाही प्रश्न आहे. मूल मोठ्यांसारखे स्पष्ट बोलले तरच तो शब्द, असे नव्हे. कुत्र्याला दर वेळी ‘भू’ म्हणणे, जेवणाला ‘मंमं’, बाहेर जाण्याला ‘भूर’ आणि लागल्याला ‘बाऊ’ म्हणणे, हे सारे शब्दच होत. मराठीने लहान मुलांसाठी चिऊ, काऊ, माऊ, गाई अशा शब्दांची एक वेगळी पुरचुंडीच बांधून ठेवली आहे. तोंडाला सोपे, आवाजाशी जुळणारे आणि बहुधा पुनरुक्तीचे असे हे शब्द बोलायला शिकणाऱ्या जिभेला हवे तसेच आहेत. ‘लाडे लाडे बोलू नका, मूल बोबडे राहील’ असे सांगून हे शब्द घरातून हद्दपार करणे चुकीचे आहे. मूल ‘माऊ’ म्हणाले की मोठ्यांनी ‘हो, माऊ आली, मांजर आली’ असे म्हणावे. पुढचा शब्द मुलापर्यंत आपोआप पोहोचतो.

दोन वर्षांच्या मुलांपैकी साधारण १० ते २० टक्के मुले उशिरा बोलणाऱ्यांत मोडतात, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण अधिक असते. यांतील निम्म्याहून अधिक मुले पुढच्या एक-दोन वर्षांत कोणत्याही विशेष उपचारांशिवाय इतरांना गाठतात. म्हणजे आजीचे म्हणणे अगदीच निराधार नसते. अडचण एवढीच की, दोन वर्षांच्या वयात यांपैकी कोणते मूल पुढे इतरांना गाठेल आणि कोणते मागे राहील, हे खात्रीने सांगता येत नाही. काही खुणा मात्र मदत करतात. सांगितलेले समजते का, खाणाखुणा करते का, विमान दिसले की बोट दाखवून आईकडे पाहते का, खेळण्यातल्या कपातून चहा पिण्याचे नाटक करते का? या प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील तर चित्र बरेच आशादायक असते. समजच कमी असेल, खाणाखुणाही नसतील, तर मात्र वाट पाहणे हा जुगार ठरतो, आणि पणाला लागलेले असते ते मुलाचे वय.

थांबण्याची किंमत

न बोलण्यामागे दडलेल्या कारणांपैकी सर्वांत आधी तपासायचे कारण म्हणजे ऐकू येणे. जगभरात दर हजार नवजात बालकांमागे एक ते दोन बालके जन्मतः लक्षणीय श्रवणदोष घेऊन येतात. ऐकू न येणारे मूलही पहिले काही महिने हुंकार देते, हसते, आवाज काढते. त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. पुढे शंका आलीच, तर मागून थाळी वाजवून पाहिली जाते. मूल वळते आणि सारे निश्चिंत होतात. वास्तविक ते थाळीच्या कंपनाने, सावलीने किंवा समोरच्याच्या चेहऱ्यावरील भावाने वळलेले असू शकते. शिवाय मोठे आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही बोलण्यातले बारीक उच्चार ऐकू येतीलच असे नाही. सतत सर्दी असणाऱ्या मुलांच्या पडद्यामागे द्रव साठून ऐकणे मंदावते, आणि तेही बाहेरून दिसत नाही. म्हणून ओएई आणि बेरा या चाचण्यांना घरगुती पर्याय नाही. दोन्ही चाचण्यांत मुलाला काही सांगावे-बोलावे लागत नाही; झोपलेल्या तान्ह्या बाळावरही त्या करता येतात.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या आत श्रवणदोष ओळखला गेलेली मुले नंतर ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा भाषेत स्पष्टपणे पुढे असल्याचे त्यातून दिसले. यातूनच पुढे ‘एक-तीन-सहा’ हे सूत्र रूढ झाले. एक महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार, असा त्याचा अर्थ. इंग्लंडमध्ये २००६ पर्यंत नवजात श्रवणचाचणी सर्वत्र लागू झाली. भारतातही २००६-०७ मध्ये बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. परंतु प्रत्येक प्रसूतिगृहातून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळाचे कान तपासलेले असतील, अशी स्थिती महाराष्ट्रात आजही नाही. मोठ्या शहरातील रुग्णालयात ही चाचणी होते. तालुक्याच्या गावातील छोट्या प्रसूतिगृहात तिचे नावही निघत नाही, असेच सर्वसाधारण चित्र आहे.

ही किंमत शासकीय योजनांच्या अटींतही दिसते. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून जन्मतः कर्णबधिर मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटची लाखो रुपयांची मदत मिळू शकते, आणि मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था हीच या योजनेची प्रमुख संस्था आहे. पण जन्मतः कर्णबधिर मुलांसाठी ही मदत वयाच्या पाच वर्षांपर्यंतच आहे. अट निष्ठुर वाटली तरी तिच्यामागे मेंदूचे शास्त्र आहे. आवाजावाचून वर्षे गेली की नंतर मिळालेल्या आवाजाचा अर्थ लावणे मेंदूला कठीण जाते. ‘बोलेल हळूहळू’ म्हणत साडेतीन वर्षे काढलेल्या कुटुंबाच्या हाती निदान, कागदपत्रे आणि प्रतीक्षायादी यांसाठी फार थोडे महिने उरतात.

दुसरे महत्त्वाचे कारण म्हणजे स्वमग्नता, अर्थात ऑटिझम. येथे केवळ शब्दांचा अभाव नसतो. हाक मारल्यावर न पाहणे, बोट दाखवून आपला आनंद दुसऱ्याशी वाटून न घेणे, आलेले शब्द गमावणे, अशा खुणा दीड वर्षाच्या आसपास दिसू लागतात. बौद्धिक विकासातील विलंब हेही कारण असू शकते. भारतात अशी मुले किती, याचा अंदाज देणारा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निवडलेल्या पाच ठिकाणांमध्ये उत्तर गोव्याचाही समावेश होता. दोन ते नऊ वर्षे वयाच्या साधारण दर आठ मुलांमागे एका मुलात मेंदूच्या वा ज्ञानेंद्रियांच्या विकासाशी निगडित कोणता ना कोणता दोष आढळला, आणि श्रवणदोष त्यांतील प्रमुख दोषांपैकी एक होता. म्हणजे हा प्रश्न चार-दोन घरांपुरता मर्यादित नाही.

संपर्क आहे, प्रश्न नाही

योजनांची महाराष्ट्रात वानवा आहे, असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभच मुळी ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथून झाला. दोन आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जाऊन मुलांची तपासणी करते. तपासायच्या सुमारे ३० बाबींमध्ये श्रवणदोष आणि भाषाविकासातील विलंब यांची नावे आहेत. शंका आलेले मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे, आणि तेथे श्रवण व वाचाउपचारतज्ज्ञासह पूर्ण चमू असावा, अशी रचना आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये संमत झाला. वाचा व भाषा दिव्यांगत्व हा त्यातील २१ प्रकारांपैकी एक आहे, आणि जोखमीतील मुले ओळखण्यासाठी सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करण्याचे बंधन हा कायदा शासनावर घालतो. २०२१ मध्ये मुंबईसह देशात १४ ठिकाणी लहान वयातील उपचारांची विशेष केंद्रे सुरू झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये अंगणवाडीसाठी दिव्यांग बालकांविषयीची कार्यपद्धती जाहीर झाली. मार्च २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षे वयाच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ आराखडा आला. त्यात ३६ महिन्यांसाठी १४० कृती दिलेल्या आहेत.

कागदावर इतके सारे असताना मूल निसटते कोठे? ते निसटते दीड ते तीन या वयात. आशा सेविकेच्या घरभेटींचे वेळापत्रक पाहावे. नवजात काळातील भेटींनंतर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यांत ती घरी येते, आणि नेमकी तेथेच भेटींची मालिका संपते. शब्द अपेक्षित असतात ते त्यानंतर. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान होतो. त्रिगुणीचा पुढचा बूस्टर थेट पाच-सहा वर्षांनी. अंगणवाडीत तीन वर्षांपुढची मुले रोज बसतात. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचा संबंध मुख्यतः घरी नेण्याच्या शिध्यापुरता आणि वजनापुरता असतो. तपासणी पथक ज्या दिवशी येते, त्या दिवशी दोन वर्षांचे मूल आईबरोबर शेतावर किंवा मामाच्या गावी असू शकते. ऊसतोडणीच्या हंगामात तर ते टोळीबरोबर दुसऱ्याच जिल्ह्यात असते. आलेच, तरी अनोळखी डॉक्टरांपुढे गप्प बसणे हा त्या वयाचा स्वभावच आहे. लाजरे मूल आणि न बोलणारे मूल यांतील फरक दोन मिनिटांत डोळ्यांनी दिसत नाही. तो आईला विचारूनच कळतो.

नेमके येथेच उणे आहे. या वयाच्या मुलाशी शासनाचा संपर्क नाही असे नव्हे. वजन-उंची मोजली जाते आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर नोंदली जाते. जीवनसत्त्व ‘अ’चे डोस सहा सहा महिन्यांनी दिले जातात, जंतांचे औषध दिले जाते. संपर्क आहे, पण त्या संपर्कात बोलण्याविषयीचा प्रश्न नाही. माता व बाल संरक्षण कार्डावर विकासाचे टप्पे चित्रांसह छापलेले असतात, पण ते कार्ड मुख्यतः लसीच्या तारखा पाहण्यासाठी उघडले जाते. कुपोषणाविरुद्धच्या दीर्घ लढाईने महाराष्ट्राच्या यंत्रणेला किलो आणि ग्रॅमची शिस्त लावली, हे तिचे मोठेच यश आहे. मेळघाटापासून नंदुरबारपर्यंत वजनकाटा पोहोचला. त्याच हातांना ‘किती शब्द बोलतो?’ हे विचारण्याची सवय मात्र अद्याप लागलेली नाही.

दुर्गम भागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. कोरकू, भिली, पावरी, गोंडी किंवा कातकरी बोलणाऱ्या घरातील मूल मराठी अंगणवाडीत गप्प असते, याचा अर्थ ते बोलत नाही असा नव्हे. उलट, ‘त्याला आपली भाषा येत नाही’ असे म्हणून खरोखरच न ऐकू येणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष होण्याचीही शक्यता असते. दोन्ही चुका टाळायच्या तर प्रश्न घरच्या भाषेत आणि घरच्या माणसालाच विचारला पाहिजे.

घरातील संवाद हाच उपचार

तपासणी झाली, कान ठीक निघाले, तर पुढे काय? स्पीच थेरपिस्ट मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाचे सत्र मिळाले, तरी आठवड्याचे उरलेले सर्व तास मूल घरीच असते. त्यामुळे पालकांनाच भाषावाढीच्या रीती शिकवण्याकडे जगभरात कल वाढला. कॅनडात १९७५ मध्ये आयाला मॅनोलसन यांनी सुरू केलेला हॅनेन कार्यक्रम हे त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण. मेगन रॉबर्ट्स आणि ॲन कायझर यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये घेतला, तेव्हा पालकांकरवी केलेल्या प्रयत्नांचा मुलांच्या भाषेवर चांगला परिणाम होतो, असे दिसून आले. यात पालकांना दोष देण्याचा भाग नाही. ‘तुम्ही बोलत नाही म्हणून मूल बोलत नाही’ हा आरोप बहुतेक वेळा खोटा असतो, आणि तो ऐकावा लागतो तो बहुधा आईलाच. मूल उशिरा बोलण्याचे कारण घर नसले, तरी त्याला बोलते करण्याचे सर्वांत मोठे साधन घर आहे, एवढाच याचा अर्थ.

या रीती साध्या आहेत. मूल ज्या वस्तूकडे पाहत असेल, त्याच वस्तूचे नाव त्या क्षणी घ्यावे. त्याचे लक्ष आपल्या विषयाकडे ओढू नये. वाक्ये छोटी ठेवावीत. मूल ‘पाणी’ म्हणाले तर ‘गार पाणी’, ‘गाडी’ म्हणाले तर ‘गाडी गेली’ असे एका शब्दाने पुढे न्यावे. चूक काढून ‘असे नाही, नीट म्हण’ असे सुनावू नये. बरोबर शब्द आपण सहज उच्चारावा. ‘केळे हवे की बिस्किट?’ असा पर्याय द्यावा आणि मग थांबावे. हे थांबणे मोठ्यांना सर्वांत अवघड जाते. मुलाला उत्तर जुळवायला पाच-दहा सेकंद लागतात, आणि तेवढ्यात आपणच बोलून मोकळे होतो. एकत्र कुटुंबात तर मुलाने डोळे वळवताच चार हात वस्तू घेऊन धावतात. बोलण्याची गरजच उरत नाही. याचा अर्थ शब्द येईपर्यंत पाणी अडवून धरावे असा मात्र मुळीच नाही. खूण, हावभाव, अर्धा आवाज, काहीही आले तरी त्याला प्रतिसाद द्यावा, कारण खाणाखुणा शब्दांची वाट अडवत नाहीत, ती मोकळी करतात. ‘हे काय? ते काय?’ अशी सतत परीक्षा घेण्यापेक्षा आंघोळ, भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या अशा रोजच्या कामांवर बोलत राहणे अधिक फलदायी ठरते. हातवाऱ्यांसह म्हटलेली बडबडगीते, आणि ओळीचा शेवटचा शब्द मुलासाठी मोकळा सोडणे, ही तर मराठी घरांतली जुनीच रीत आहे.

शब्द किती कानांवर पडतात, यापेक्षा बोलण्याची देवाणघेवाण किती होते, याला महत्त्व आहे. रेचेल रोमियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्यांशी संवादाच्या अधिक फेऱ्या होणाऱ्या मुलांच्या मेंदूतील भाषेशी संबंधित भाग गोष्ट ऐकताना अधिक सक्रिय होतो, असे त्यात आढळले. मोबाइल नेमका येथे कमी पडतो. तो बोलतो, पण मुलाने काही म्हटले तर ऐकत नाही. जपानमध्ये सात हजारांहून अधिक माता-बालकांच्या जोड्यांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या वर्षी अधिक वेळ पडद्यासमोर असलेल्या मुलांत पुढे संवादकौशल्यातील विलंब अधिक दिसला. पडद्यामुळेच हा विलंब होतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने त्यानंतर दिलेला सल्ला पाळण्यात नुकसान काहीच नाही: दोन वर्षांच्या आत पडदा नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला तासाभराहून अधिक नको. घास भरवताना हातात दिलेला मोबाइल हा आज शहर आणि खेडे यांत समान झालेला प्रकार आहे. न्यू जर्सीतील नातवाशी सांगलीची आजी व्हिडिओ कॉलवर बोलते, ती गोष्ट मात्र निराळी. तेथे पलीकडे उत्तर देणारे माणूस असते.

मूल बोलत नाही म्हटल्यावर अनेक सुशिक्षित घरांत पहिला बळी जातो तो मराठीचा. ‘दोन भाषांनी त्याचा गोंधळ होतो, घरी फक्त इंग्रजीत बोला’, असे शाळेकडून, परिचितांकडून, क्वचित डॉक्टरांकडूनही सांगितले जाते. या सल्ल्याला संशोधनाचा आधार नाही. दोन भाषा ऐकल्याने भाषाविकार होत नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द मोजताना दोन्हींतील शब्द धरायचे असतात. उलट, ज्या भाषेत आई विनोद करते, रागावते, कुरवाळते, ती सोडून तिने मोजक्या, शाळकरी इंग्रजीत आज्ञा देणे सुरू केले, तर मुलाच्या वाट्याचा संवादच आटतो. ‘कम हिअर’, ‘सिट डाऊन’, ‘इट फास्ट’ यांतून संभाषण उभे राहत नाही. आणि आजी-आजोबांशी तर बोलण्याचा धागाच तुटतो.

जुने उपायही पारखून घेतले पाहिजेत. जिभेला वेखंड लावणे हा अनेक घरांतला पिढीजात उपाय आहे. त्याने मूल बोलू लागते, याला पुरावा नाही. जिभेखालचा पडदा कापून घेण्याची घाईही दिसते. चिकटलेल्या जिभेमुळे काही उच्चार अस्पष्ट होऊ शकतात, पण शब्दच न येण्याचे कारण ते नव्हे. या उपायांचा खरा तोटा हा की, ते करीत असताना महिने निघून जातात आणि कानांची तपासणी राहून जाते.

काय करता येईल?

यासाठी नवी योजना, नवे नाव आणि नवे उद्घाटन यांची गरज नाही. पहिली गोष्ट म्हणजे, शासकीय असो वा खासगी, प्रत्येक प्रसूतिगृहातून बाहेर पडणाऱ्या बाळाची श्रवणचाचणी व्हावी आणि तिचा निकाल लसीकरणाच्या कार्डावर नोंदवला जावा. जेथे यंत्र नाही, तेथे पहिल्या दीड महिन्याच्या लसीवेळी उपजिल्हा रुग्णालयात ती करता येईल. दुसरी गोष्ट, १६ ते २४ महिन्यांच्या लसीवेळी आणि त्यानंतर जीवनसत्त्व ‘अ’च्या प्रत्येक डोसावेळी आईला तीन प्रश्न विचारले जावेत: हाक मारली की पाहतो का, बोट दाखवतो का, किती शब्द बोलतो? वजनाच्या रकान्याशेजारी एक रकाना त्यासाठी पुरेसा आहे. तिसरी गोष्ट, आशा सेविकेची आणखी एक घरभेट चोविसाव्या महिन्यात ठेवावी, आणि तिचा मोबदला तिला मिळावा. आधीच कामाच्या ओझ्याने वाकलेल्या आशा आणि अंगणवाडी सेविकांवर फुकटचे आणखी एक काम टाकणे न्याय्य नाही आणि उपयोगाचेही नाही. चौथी गोष्ट, जिल्हा केंद्रांतील वाचाउपचारतज्ज्ञांची पदे भरलेली राहतील, हे पाहावे. कंत्राटी आणि तुटपुंज्या वेतनावर हे तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी टिकत नसतील, तर शंका येऊन पाठवलेले मूल बंद दारापुढे उभे राहील, आणि पुढच्या वेळी त्याची आई येणारही नाही.

पालकांसाठी सूत्र याहून सोपे आहे. दीड वर्षाला शब्द नाहीत किंवा दोन वर्षांना दोन शब्द जोडले जात नाहीत, तर घाबरू नये आणि थांबूही नये. आलेले शब्द गेले, तर मात्र कोणत्याही वयात ताबडतोब डॉक्टर गाठावा. आधी कान तपासावेत, मग विकासतज्ज्ञ वा वाचाउपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, आणि त्या भेटीची तारीख मिळेपर्यंतचे दिवस वाट पाहण्यात न घालवता घरात रोज समोरासमोर बसून बोलण्यात घालवावेत. मूल पुढे आपणहून बोलले, तर या प्रयत्नांनी काहीच बिघडलेले नसते. बोलले नाही, तर मोलाचे वर्ष हातचे गेलेले नसते.

पहिलीत किती भाषा असाव्यात, यावर तज्ज्ञ आणि राजकीय पक्ष पुढेही भांडत राहतील, आणि ते योग्यच आहे. तथापि, त्या वर्गाच्या कोपऱ्यात बसलेल्या एखाद्या मुलाला शिक्षकांची हाकच ऐकू येत नसेल, आणि ही गोष्ट सहा वर्षांत कोणाच्याच लक्षात आली नसेल, तर त्याच्यापुरता तो वाद कधीच निकाली निघालेला असतो. या सहा वर्षांत त्याचे वजन अनेकदा झाले. त्याचे शब्द मात्र एकदाही कोणी विचारले नाहीत. अभिजात भाषेचा अभिमान बाळगणाऱ्या राज्याने हा प्रश्न विचारायला आता सुरुवात केली पाहिजे.